एका पिकअपचे अकरा अपघात

मंगळवारी सकाळी सव्वा अकरा वाजता धरणगावच्या फळबाजाराबाहेर केळीची पिकअप आडवी झाली, तेव्हा तिचा ड्रायव्हर अभिमन समोरच्या टपरीवर बशीत चहा ओतत होता. इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता, किल्ली खिशात होती. अपघात होऊ नये म्हणून ड्रायव्हरने जे जे करायचं असतं, ते सगळं त्याने केलेलं होतं. तरीही गाडी पडली.

दोष उन्हाचा होता. गाडीच्या एका बाजूला लिंबाची सावली होती आणि दुसऱ्या बाजूला एप्रिलचं ऊन. हमालांनी सावलीच्या बाजूने क्रेट उतरवायला घेतले आणि निम्मी गाडी रिकामी केली. उरलेला सगळा भार उन्हाच्या बाजूला राहिला. त्याच बाजूला नगरपालिकेचा एक पाइप गेले तीन आठवडे गळत होता आणि माती चांगली लोण्यासारखी झाली होती. चाक रुतलं, गाडी जराशी विचारात पडली आणि मग अगदी सावकाश कुशीवर निजली.

"झुलाल, हाई काय व्हयनं रे?" बशी हातात घेऊनच अभिमन धावला.

"काही नही भाऊ. गाडी बसनी," हमालांचा मुकादम झुलाल म्हणाला.

"एकच आंगेथीन बठ्ठा माल कसाले उतारा?"

"त्या आंगे ऊन शे ना भाऊ."

अभिमनने बशी खाली ठेवली. पाच माणसं, एक दोर आणि एक ट्रॅक्टर यांनी वीस मिनिटांत गाडी उभी केली. क्रेट मऊ चिखलात पडल्यामुळे एक डझनसुद्धा केळी खराब झाली नाहीत. चहावाल्याने दुसरा कप दिला. पूर्वीचे दिवस असते तर गोष्ट इथेच संपली असती आणि कोणाला सांगण्यासारखीही राहिली नसती.

पण गाडी जळगावच्या हीरालाल शेठच्या पेढीची होती, आणि तिथे आता त्यांचा मुलगा अखिल बसत होता. अखिल पुण्याला दोन वर्षं व्यवस्थापन शिकून आला होता आणि येताना एक सुरक्षा सल्लागार आणि एक फॉर्म घेऊन आला होता. नियम असा की गाडीला काहीही झालं तर त्याच दिवशी फॉर्म भरून द्यायचा. तो इंग्रजीत भरायचा, कारण तो पुण्याच्या सल्लागाराकडे जाणार. आणि ज्याच्या नावावर तीन अपघात होतील, त्याची किल्ली जमा. मग त्याने गोडाऊनच्या मागच्या हौदावर बसून क्रेट धुवायचे.

अभिमनला त्या हौदाची फार धास्ती होती. बावीस वर्षं त्याने स्टिअरिंग सोडून दुसरं काही धरलं नव्हतं. पहाटेची थंड हवा, रिकामा रस्ता, मागे केळीचा वास, आणि आपल्याला कोणी काही विचारत नाही, एवढ्यावर तो सुखी होता. किल्ली गेली तर आपण घरी बायकोला आणि रस्त्यावर लोकांना तोंड कसं दाखवणार, हे त्याला खरंच कळत नव्हतं. आज एक अपघात झाला, म्हणजे अजून दोन शिल्लक आहेत, असा हिशेब करून त्याने जिवाला धीर दिला आणि फॉर्म घेऊन तो जीवराम नानांकडे गेला.

जीवराम नाना म्हणजे धरणगावचं इंग्रजी. छत्तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गावातला कुठलाही इंग्रजी कागद त्यांच्या ओट्यावरून जायचा. अभिमन त्यांचाच विद्यार्थी. दहावीला इंग्रजीत छत्तीस गुण मिळवून तो सुटला, आणि त्यातला पस्तिसाच्या वरचा एक गुण आपण दिला, असं नाना अजून सांगत.

"गुरुजी, गाडी पडली," अभिमन म्हणाला. "तेवढं लिहून द्या. दोन शब्द."

नानांनी चष्मा लावला, फॉर्म उलटसुलट पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. बारा वर्षांत त्यांच्याकडे लोक लग्नपत्रिका आणि दाखले घेऊन येत होते. गाडी पडल्याचा कागद पहिल्यांदाच आला होता.

"ओळी किती दिल्यात?"

"सहा."

"मग उत्तर सहा ओळींचं पाहिजे. रिकामी ओळ सोडली की परीक्षक समजतो, पोराला येत नव्हतं."

खरं तर त्या सहा ओळी आठवड्याभरातल्या सहा वेगवेगळ्या घटनांसाठी होत्या. तसं वर बारीक अक्षरात छापलेलंही होतं. पण नाना प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना मुलांना वाचून दाखवत, स्वतः कधी वाचत नसत.

"आणि लक्षात ठेव अभिमन, एका उत्तरात एक शब्द दोनदा आला की मी एक गुण कापायचो. त्यामुळे प्रत्येक ओळीत पडायला वेगळा शब्द पाहिजे. पहिला ओव्हरटर्न. म्हणजे उलटणे. हा आपला साधा, घरगुती. दुसरा टॉपल." नानांनी आतून चार वाट्या मागवल्या, एकीवर एक रचल्या आणि वरचीला बोट लावलं. वाट्या डुलल्या आणि खणखणत ओटाभर पसरल्या. "हे टॉपल. उंच वस्तू डुलत डुलत पडते ते."

"गुरुजी, गाडी डुलली नाही. बसली."

"पडण्यापूर्वी क्षणभर डुललीच असणार. विज्ञान आहे ते. तिसरा टिप ओव्हर, कलंडणे. चौथा अपसेट. पाहा." नानांनी शेजारचा ताकाचा पेला कोपराने लवंडला.

बेबाबाई, म्हणजे नानांच्या पत्नी, फडकं घेऊन दारात उभ्याच होत्या. "पुसायला काय म्हनतात इंग्रजीत, ते बी लिहा त्यात," त्या म्हणाल्या. "अहो, त्याची गाडी एकदाच पडली नं? मग 'पडली' म्हना आन मोकळं करा त्याले. दुपार झाली."

"एका शब्दात उत्तर द्यायला हा काय 'रिकाम्या जागा भरा'चा प्रश्न आहे?" नाना म्हणाले आणि पाचव्या ओळीवर गेले. तिथे त्यांनी कॅपसाइज घातला. हा शब्द नावेसाठी, जहाजासाठी वापरतात, हे त्यांनी अभिमनला सांगितलं. पण पाइप गळत होता, म्हणजे पाणी होतं, म्हणजे हरकत नव्हती. सहाव्या ओळीत टर्न टर्टल आला. कासव पाठीवर पडलं की त्याला जसं स्वतःहून उठता येत नाही, तसं. ते लिहून झाल्यावर नाना स्वतःच थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

प्रत्येक ओळीपुढे वेळेचा रकाना होता. तोही रिकामा सोडणं शक्य नव्हतं. पडायला थोडा वेळ लागतोच, असं म्हणून नानांनी पहिल्या ओळीपुढे अकरा पंधरा टाकले, दुसरीपुढे अकरा सोळा, आणि असं एकेक मिनिट वाढवत सहावीपुढे अकरा वीस. अभिमनने खाली सही केली, गुरुजींच्या पाया पडला आणि कागद जळगावला पोचवला.

बुधवारी सकाळी तो पेढीवर गेला तर किल्ल्यांच्या फळीवर त्याच्या नावाचा खिळा रिकामा होता.

"अभिमनभाऊ, बसा," अखिल गंभीर आवाजात म्हणाला. शेजारी त्याची बायको चेलना कॉम्प्युटरवर नोंदी करत होती. "मी कालपासून झोपलो नाही. सहा मिनिटांत सहा अपघात?"

"सहा?" अभिमनने मागे वळून पाहिलं. दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय की काय, असं त्याला वाटलं. "शेठ, एकदा पडली. आन ती बी मी चहा पीत व्हतो तव्हा."

"अच्छा, म्हणजे सहाही वेळा तुम्ही गाडीत नव्हता?" अखिलने ते लिहून घेतलं.

"आणि हे पाण्यातलं काय आहे?" चेलनाने स्क्रीनवर बोट ठेवलं. "अकरा एकोणीसला तुमची गाडी बुडालीय."

"पाणी व्हतं तिथं," अभिमन म्हणाला, कारण ते खरं होतं.

"आणि बाहेर काढून लगेच दुसऱ्या मिनिटाला पाठीवर टाकली?"

आता अभिमनच्या ध्यानात आलं. टेबलावर नानांचा कागद होता, आणि त्यातली प्रत्येक ओळ एकेक अपघात म्हणून उभी होती. 'हे सगळं एकच आहे, लिहिताना चूक झाली', एवढं म्हटलं की तो सुटत होता. ते वाक्य त्याच्या ओठापर्यंत आलंही. पण चूक झाली म्हणजे कोणाची झाली? धरणगावात नगरपालिकेची चूक काढता येत होती, आमदाराची काढता येत होती. जीवराम नानांच्या इंग्रजीत चूक आजवर कोणी काढली नव्हती, आणि ती छत्तीस गुणवाल्याने काढायची, हे अभिमनच्या जिभेला जमेना.

"शेठ, जे लिहिलं ते बरोबर लिहिलं," तो म्हणाला.

"मग मला अजून माहिती पाहिजे," अखिल म्हणाला आणि त्याने दुसरा कोरा फॉर्म पुढे केला. "तोवर किल्ली माझ्याकडे."

अभिमन एसटीने धरणगावला आला. एसटीत बसून जाण्याची त्याला बावीस वर्षांत सवय राहिली नव्हती. ड्रायव्हरने प्रत्येक गिअर टाकला की त्याचाच हात हलत होता. किल्लीचं नानांना सांगायचं नाही, असं त्याने वाटेतच ठरवलं.

"गुरुजी, शेठले अजून सविस्तर पाहिजे," एवढंच तो म्हणाला.

नाना खुर्चीतून उठले. "पाहिलंस? म्हणजे वाचलं त्याने! नीट वाचलं!" त्यांनी आतून जाडजूड शब्दकोश आणला. पहिल्या कागदावरचे सहा शब्द आता वापरता येत नव्हते, त्यामुळे काम अवघड होतं. म्हणूनच नानांना ते जास्त आवडलं. त्यांनी कील ओव्हर शोधला, म्हणजे उन्हाने भोवळ येऊन माणूस आडवा होतो तसं. मग अपेंड, म्हणजे एक टोक वर करून उभं होणं. मग रोल ओव्हर, लोळणं. मग टंबल, कोलांटी. शेवटी इन्व्हर्ट, वरचं खाली आणि खालचं वर. सहाव्या ओळीत त्यांनी झोकदार अक्षरात सही केली, लेखक म्हणून. वेळ अकरा एकवीस ते अकरा पंचवीस.

"गुरुजी, कोलांटी नाही मारली तिनं," अभिमन काकुळतीला येऊन म्हणाला.

"अरे, थोडी कल्पना लागते भाषेत."

अशा रीतीने गुरुवारी संध्याकाळी पेढीच्या नोंदीत अकरा मिनिटांतले अकरा अपघात झाले, आणि अखिलने शुक्रवारी चौकशी लावली. दुसऱ्या फॉर्मवर नानांची सही होती, म्हणून त्याने नानांनाही फोन केला. फोन इंग्रजीत केला. नानांना वाटलं, सत्कार आहे.

शुक्रवारी नाना कोट घालून आले. पेढीवर अखिल होता, चेलना होती, आणि कोपऱ्यात गादीवर हीरालाल शेठ पेपर वाचत बसले होते. अभिमन दाराजवळ उभा होता. अखिलने आधी झुलालला फोन लावला.

"झुलाल, खरं सांग. गाडी किती वेळा पडली?"

झुलालने पलीकडून उलटंच विचारलं. "अभिमनभाऊ काय म्हनतस?"

"ते सोड. तू सांग."

"शेठ, तुम्हीन म्हनशात तितला येळ पडनी," झुलाल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अखिलने दोन्ही कागद नानांपुढे ठेवले. "सर, हे तुम्ही लिहिलंत. अकरा घटना, अकरा वेळा. नियमाप्रमाणे तीनला किल्ली जाते. यांचे तर अकरा झाले. सोमवारपासून अभिमनभाऊ हौदावर."

नानांनी कागद पाहिले. मग अभिमनकडे पाहिलं. मग फॉर्मच्या वरची बारीक अक्षरातली सूचना, जी त्यांनी वाचलीच नव्हती, ती वाचली. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. छत्तीस वर्षं त्यांनी पोरांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडून सांगितलं होतं. आणि आज त्यांच्या उत्तरामुळे त्यांचाच एक विद्यार्थी हौदावर जाऊन बसणार होता. नानांना मनापासून लाज वाटली.

"एकदाच," ते उभं राहून म्हणाले. "अखिल, गाडी एकदाच पडली. बाकीच्या दहा वेळा मी पाडली. मला शब्द येतात, हे दाखवायचं होतं. चूक माझी आहे."

"नाही शेठ!" अभिमन दारातून ओरडला. नानांना असं मान खाली घालून उभं राहिलेलं त्याने आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला किल्लीपेक्षा जड गेलं. "गुरुजी चुकत नाहीत. अकरा येळा पडली. मी मोजली."

"गप्प बस, अभिमन. एकदा."

"अकरा, गुरुजी."

"एकदा म्हणतो ना!"

"म्या सही केली, अकराच!"

अखिलने डोक्याला हात लावला. पुण्याच्या दोन वर्षांत खोटं बोलून निसटणारे कर्मचारी कसे ओळखावेत, हे त्याला शिकवलं होतं. खोटं बोलून अडकणारा त्याने पहिल्यांदाच पाहिला. तो काही बोलणार, इतक्यात चेलनाने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. पुण्याच्या सल्लागाराची मेल आली होती. सल्लागाराने अपघात मोजलेच नव्हते. त्याने एवढंच कळवलं होतं की आपल्या चाळीस ग्राहकांमध्ये इतकं सुंदर इंग्रजी कोणाच्याच अहवालात नाही, आणि ज्यांनी हे लिहिलं त्यांनाच पेढीचे सगळे अहवाल लिहायला द्यावेत.

"बाबूजी, काय करू?" अखिलने शेवटी गादीकडे पाहिलं.

हीरालाल शेठनी पेपर खाली ठेवला. "अख्या, माल किती खराब झाला?"

"शून्य."

"माणूस किती जखमी?"

"शून्य."

"मग किल्ली दे त्याला. एक अपघात धर. आणि नानांना दे फॉर्म सगळे, पण प्रत्येकावर ओळ एकच ठेव." ते पुन्हा पेपर वाचायला लागले.

अभिमनला किल्ली मिळाली. ती हातात आल्यावर त्याने ती उगाचच शर्टाला पुसली, आणि त्याच गाडीतून तो नानांना धरणगावला सोडायला गेला.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. गाडीला काहीही झालं तरी ड्रायव्हरने धरणगावला जाऊन नानांसमोर बसायचं, असा नियम लागला. धुळ्याच्या गाडीवरचा दीपक पहिल्याच आठवड्यात गेला, कारण त्याची गाडी एका दुभाजकाला घासली होती. नानांनी त्याला अडीच तास बसवलं, घासण्याचे सहा शब्द सांगितले, त्यातला नेमका एक निवडायला लावला आणि शेवटी भूतकाळाची तीन रूपं पाठ म्हणून घेतली. दीपकने ते पेढीवर येऊन सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून पेढीच्या साऱ्या गाड्या चाळिसाच्या पुढे जाईनात. वळणावर ड्रायव्हर खाली उतरून मागचं पाहू लागले. हमालांना उन्हाच्या बाजूनेही माल उतरवावा लागला. चार महिने एकही अपघात झाला नाही. पुण्याच्या सल्लागाराने त्याचं श्रेय आपल्या फॉर्मला दिलं आणि अखिलने ते मान्य केलं.

नानांना मात्र करमेना. अभिमनची गाडी दर मंगळवारी धरणगावला यायची. नाना ओट्यावरच बसलेले असत. कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा शेजारी, त्यावर शब्दकोश, त्यावर चष्मा.

"काही झालं का रे?" ते विचारायचे.

"नाही गुरुजी. बठ्ठं ठीक शे."

"बरं, बरं. चांगलं आहे," नाना म्हणायचे आणि शब्दकोश इकडचा तिकडे करायचे.

"जेवत नाहीत नीट," एकदा बेबाबाईंनी हळूच सांगितलं. "कोनी पडतच नाही म्हनून."

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी अभिमन बाजाराबाहेर गाडी मागे घेत होता. मागे रिकाम्या क्रेटची उतरंड होती. गाडीचा धक्का लागला न लागला, ती उंच उतरंड दोनदा डुलली आणि खाली आली. कोणाला लागलं नाही, काही फुटलं नाही. झुलालने मिनिटभरात क्रेट पुन्हा रचलेसुद्धा. "जा भाऊ, कोन्ही दखं नही," तो म्हणाला. असल्या गोष्टीचा फॉर्म कोणी भरत नसतं.

अभिमन गाडी सुरू करून थोडं पुढे गेला. मग थांबला. तीन अपघातांतला एक झालेला होता. अजून दोन हातात होते. त्यातला एक ठेवून एक देऊन टाकायला काही हरकत नव्हती. पुढे फार सांभाळून चालवावं लागेल, एवढंच. त्याने गाडी वळवली.

"गुरुजी," ओट्याच्या पायरीवर उभा राहून तो म्हणाला, "पडलं काहीतरी."

नाना ताडकन उठले. चष्मा नाकावर, कोरा फॉर्म मांडीवर, पेनाचं टोपण दातात. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती शाळेतली चमक आली होती, आणि ती पाहून अभिमनला इतकं बरं वाटलं की दिलेल्या अपघाताचं त्याला काहीच वाटेनासं झालं.

"काय पडलं?"

"क्रेट. रिकामे. उंच रचले व्हते."

"डुलले?"

"दोनदा डुलले, गुरुजी."

नानांनी समाधानाने डोळे मिटले आणि उघडले. "किती क्रेट?"

"नऊ."

"नऊ," नानांनी मान हलवली, पेन कागदावर टेकवलं आणि चष्म्यावरून वर पाहत विचारलं, "सगळे एकदम पडले, की एकेक करून?"

"एकदम, गुरुजी!" अभिमन दोन पायऱ्या एकदम चढून आला. "बठ्ठेच्या बठ्ठे एकदम!"